कोणार्कचें अर्घ्य

माघ शुद्ध सप्तमीस, म्हणजे रथसप्तमीस, महाराष्ट्रांत घरोघरीं अंगणांत रांगोळीनें सात घोड्यांचा रथ काढतात. तुळशीपाशीं गोवऱ्या पेटवून त्यांवर मातीच्या बोळक्यांत दूध ठेवतात आणि तें उतूं जाऊं देतात. संक्रांतीपासून चाललेलें हळदीकुंकूही त्याच दिवशीं संपतें. नेमक्या त्याच पहाटे देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, ओडिशांत, चंद्रभागा नांवाच्या तीर्थावर हजारों माणसें अंधारांत समुद्राकडे तोंड करून उभीं असतात. ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे. कोणार्कच्या सूर्यमंदिरापासून सुमारें ३ किलोमीटरांवर पूर्वीं समुद्रास मिळणाऱ्या एका नदीचें तें नांव आहे. नदी आटली, तीर्थ मात्र राहिलें.

महाराष्ट्रांतून जगन्नाथपुरीस गेलेलें कुटुंब बहुधा एक दिवस कोणार्कासाठीं राखून ठेवतें. पुरीपासून तें सुमारें ३५ किलोमीटर. रस्ता समुद्राच्या कडेकडेनें जातो. घरांतल्या आजीबाई निघतांना नारळ, तांबडीं फुलें, हळदकुंकू पिशवींत घालून घेतात. देऊळ दृष्टीस पडतांच सर्वांचे डोळे दिपतात. पण दाराकडे पाहावें तों तें दगडांनीं चिणून टाकलेलें; मागें वळून जावें तों गाभाऱ्यावर उघडें आकाश. मग हातांतल्या पिशवीकडे पाहत आजीबाई हळूच विचारतात, “अरे, देव कुठं आहे? आणि हें वाहायचं कुठं?” वाटाड्या हंसून सांगतो कीं, येथें पूजा होत नाहीं. बहुतेक मंडळी एवढ्या उत्तरावर परत फिरतात. परंतु आजीबाईंचा प्रश्न खरा आहे आणि त्याला तितकेंच खरें उत्तरही आहे. तें समजून घेण्यासाठीं प्रथम या देवळाची कहाणी ऐकली पाहिजे.

पूर्व गंग वंशांतील राजा पहिला नरसिंहदेव यानें तेराव्या शतकाच्या मध्यास, सुमारें १२५० सालीं, हें मंदिर बांधविलें. सबंध देऊळ म्हणजेच सूर्याचा रथ, अशी मूळ कल्पना. जोत्याच्या दोन्ही अंगांस मिळून २४ चाकें कोरलेलीं आहेत. एकेका चाकाचा व्यास सुमारें १० फूट, म्हणजे उंच पुरुषानें हात वर केला तरी माथ्यास पोंचणें कठीण. पुढें सात घोडे रथ ओढीत आहेत. प्रत्येक चाकास आठ जाड आणि आठ बारीक आरे आहेत. आठ आरे म्हणजे अहोरात्रीचे आठ प्रहर, चाकांच्या बारा जोड्या म्हणजे वर्षाचे बारा मास, सात घोडे म्हणजे आठवड्याचे सात वार, असा अर्थ लोक लावतात. घरच्या अंगणांतील रांगोळीचा रथ दुपारपर्यंत पुसला जातो. तोच रथ येथें एका राजानें दगडांत काढून ठेविला. अकबराच्या दरबारांतील अबुल फजल यानें ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत या देवळाचें वर्णन केलें असून, त्यासाठीं ओडिशाचा बारा वर्षांचा वसूल खर्ची पडला असें लिहून ठेविलें आहे. समुद्रावरून जाणारे युरोपियन खलाशी याला काळा पॅगोडा म्हणत आणि जगन्नाथाच्या देवळाला पांढरा पॅगोडा म्हणत. किनारा ओळखण्याच्या त्यांच्या या दोन खुणा होत्या. आज दहा रुपयांच्या नव्या नोटेवर, जी २०१८ सालीं निघाली, याच कोणार्कचें चित्र आहे. म्हणजे ज्यांनीं कोणार्क कधीं पाहिलें नाहीं, त्यांच्याही खिशांत तें आहेच.

एवढें प्रचंड देऊळ टिकलें नाहीं. गाभाऱ्यावरील शिखर दोनशें फुटांहून उंच असावें असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तें ढासळत गेलें. १८३७ सालीं फर्ग्युसन हा वास्तुशास्त्राचा अभ्यासक तेथें गेला, तेव्हां शिखराचा एक कोपरा अजून उभा होता. १८४८ च्या वादळांत तोही खालीं आला. पुढचा मंडप, ज्याला ओडिशांत जगमोहन म्हणतात, तेवढा उरला. त्याची उंची सुमारें १२८ फूट आहे. तोही पडूं नये म्हणून १९०३ सालीं त्या वेळच्या बंगाल सरकारनें त्याच्या पोटांत वाळू भरून दारें कायमचीं बंद करविलीं. समुद्रावरून येणारा वाळूचा मारा अडावा म्हणून पुढें सुरूचीं झाडें लावण्यांत आलीं. १९८४ सालीं युनेस्कोनें या स्थळाची जागतिक वारशांत नोंद केली. जें दार पाहून आजीबाई थबकल्या तें कोणा देवाच्या रागानें वा पुजाऱ्याच्या हट्टानें बंद झालेलें नाहीं. देऊळ वांचावें म्हणून तें बंद केलें आहे.

देव मात्र शिखर पडण्याच्या पुष्कळ आधींच तेथून उठले होते. परंपरा असें सांगते कीं, सतराव्या शतकांत खुर्द्याच्या राजाच्या अमदानींत कोणार्कची सूर्यमूर्ति पुरीस जगन्नाथाच्या आवारांत नेण्यांत आली. त्या आवारांत सूर्याचें लहानसें देऊळ आहे आणि तेथें आजही पूजा चालते. म्हणजे जो यात्रेकरू सकाळीं जगन्नाथाचें दर्शन घेऊन कोणार्काच्या वाटेस लागतो, तो बहुधा सूर्यदेवाच्या शेजारून, न ओळखतां, पुढें आलेला असतो. “देव कुठं आहे?” या प्रश्नाचें हें पहिलें उत्तर.

पण मूर्ति गेली म्हणून कोणार्क रिकामें झालें काय? हिंदु पूजेचे उपचार सोळा मानले आहेत. देवाला बोलवावयाचें, बसावयास आसन द्यावयाचें, पाय धुवावयास पाणी द्यावयाचें, अर्घ्य द्यावयाचें. मग आचमन, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य असा क्रम चालतो. ही यादी मनांत धरून कोणार्काभोंवतीं प्रदक्षिणा घातली, तर त्या भग्न दगडांना जणुं बोलतें करितां येतें. उघड्या पडलेल्या गाभाऱ्यांत हिरवट काळ्या दगडाचें सिंहासन अजून आहे. त्यावर राजा आणि त्याचा परिवार बारीक कोरला आहे. हें झालें आसन. वर बसणारा नाहीं. पूर्वेस छप्पर गेलेला नाट्यमंडप आहे. त्याच्या भिंती नर्तकी आणि वादक यांनीं भरलेल्या आहेत. देवापुढची नृत्यगीताची सेवा तेथें दगडांत गोठून राहिली आहे. आवाराच्या आग्नेयेस पाकशाळेचे अवशेष आहेत. त्या चुलींवर एके काळीं देवाचा नैवेद्य शिजत असे. आतां त्या थंड आहेत. देवळाच्या बाहेरच्या बाजूंस दक्षिणेस, पश्चिमेस आणि उत्तरेस सूर्याच्या तीन भव्य मूर्ति आहेत. त्या अनुक्रमें सकाळच्या, माध्याह्नीच्या आणि मावळत्या सूर्याच्या, असें म्हणतात. पहिल्या दोन उभ्या आहेत. उत्तरेकडील मूर्ति घोड्यावर बसलेली आहे. यांतल्या एकीचीही आज पूजा होत नाहीं.

या मूर्तींच्या पायांकडे नीट पाहिल्यास नवल वाटतें. देवाच्या पायांत गुडघ्यापर्यंत येणारे बूट आहेत! हिंदु देवतांत असा पोषाख दुसऱ्या कोणाचा सहसा आढळत नाहीं. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’त सूर्यमूर्तीस उत्तरेकडील लोकांचा वेष द्यावा असें सांगितलें आहे, आणि सूर्याची स्थापना मग ब्राह्मणांकडून करवावी असेंही सांगितलें आहे. हे मग मूळचे इराणकडील सूर्योपासक होत असें विद्वान मानतात. पुराणकथाही तेंच आपल्या भाषेंत सांगते. श्रीकृष्ण व जांबवती यांचा पुत्र सांब याला शापानें कुष्ठ झालें. त्यानें चंद्रभागेच्या तीरीं बारा वर्षें सूर्याची आराधना केली, तेव्हां तो बरा झाला. नदींत स्नान करितांना त्याला सूर्याची मूर्ति सांपडली आणि तिच्या पूजेसाठीं त्यानें शाकद्वीपाहून मग ब्राह्मण आणविले. कथेंतली मूळ चंद्रभागा म्हणजे पंजाबांतील चिनाब नदी आणि सांबाचें मूळ स्थान म्हणजे मुलतान, असें अभ्यासक म्हणतात. मुलतानचें सूर्यमंदिर एके काळीं सर्व हिंदुस्थानांत गाजलेलें होतें. आज तें नाहीं. कथा मात्र मूर्तीसारखी एका ठिकाणीं बसून राहत नाहीं. ती पूर्वेस आली, तिनें आपली नदी बरोबर आणली आणि ती कोणार्काच्या किनाऱ्यावर वसली. ओडिशांत आजही पौष शुद्ध दशमीस सांबदशमी म्हणतात. त्या दिवशीं घरोघरच्या आया मुलांच्या आरोग्यासाठीं पक्वान्नें करून सूर्याला नैवेद्य दाखवितात. देवळांतली पाकशाळा थंड झाली तरी घरांतली चूल त्याच्यासाठीं पेटतेच.

आतां सोळा उपचारांतला चौथा, अर्घ्य. नैवेद्य, वस्त्र, धूप, दीप हे उपचार बहुधा बसलेल्या देवाचे आहेत. त्यांना मूर्ति हवी, गाभारा हवा, पुजारी हवा. अर्घ्य हें मूळचें येणाऱ्याचें आहे. घरीं आदरणीय पाहुणा आला म्हणजे त्याच्या हातावर सन्मानानें पाणी घालावयाचें, ही जुनी रीत. सूर्य हा रोज येणारा पाहुणा. तो कोणत्याही गाभाऱ्यांत बसत नाहीं. तो येतो आणि जातो. म्हणून त्याच्या पूजेंत सर्वांत मोठा उपचार अर्घ्याचा. संध्या करणाराही सूर्याला तेंच देतो, बिहारांत छठच्या दिवशीं नदींत उभ्या राहणाऱ्या बायकाही तेंच देतात. यांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अर्घ्याला देऊळ लागत नाहीं. तांब्याभर पाणी, त्यांत थोडें तांबडें गंध, एखादें तांबडें फूल आणि चार अक्षता एवढें पुरतें. कोणार्कचें शिखर पडलें, मूर्ति गेली, पाकशाळा विझली, तरी तेथील पूजा मोडली नाहीं, याचें कारण हें आहे. ती देवळांतून निघून किनाऱ्यावर गेली.

चंद्रभागेच्या किनाऱ्यावर ती पाहावयास मिळते. एरवींही पहाटे तेथें माणसें असतात. माघ सप्तमीस तर यात्राच भरते. आसपासच्या देवळांतल्या उत्सवमूर्ति मिरवीत आणतात. लोक अंधारांत स्नान करितात, आणि मग वाट पाहत उभे राहतात. ओडिशाचा हा किनारा आग्नेयेकडे तोंड करून आहे, आणि माघांत सूर्यही पूर्वेच्या थोडा दक्षिणेस उगवतो. त्यामुळें त्या दिवसांत तो थेट समुद्रांतून वर येतो. कोंकणच्या माणसाला हें दृश्य अपूर्व आहे. त्यानें जन्मभर सूर्य समुद्रांत बुडतांना पाहिलेला असतो. समुद्रांतून निघतांना पाहिलेला नसतो. लाल कड दिसतांच किनाऱ्यावरचा कलकलाट क्षणभर थांबतो, सहस्र ओंजळी एकदम वर होतात आणि पाणी खालीं पडतें. तेथें पुजारी मध्यें नसतो, रांग नसते, आंतला आणि बाहेरचा असा भेद नसतो. गाभाऱ्यांत मूर्तीसमोर एका वेळीं दहा माणसें मावतील. येथें समोरचा देव सर्वांना सारखाच दिसतो.

अर्घ्य किनाऱ्यावर दिलें, तरी आजीबाईंच्या पिशवींतला नारळ आणि फुलें उरतातच. त्यांनाही जागा आहे. जगमोहनाच्या पूर्व दारावर पूर्वीं नवग्रहांची सुमारें २० फूट लांबीची एक अखंड शिळा बसविलेली होती. रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि ओळीनें बसले आहेत. राहूला धड अर्धेंच, आणि केतूला कमरेखालीं सापाचें शेपूट. एकोणिसाव्या शतकांत ही शिळा कलकत्त्याच्या संग्रहालयांत नेण्याचा घाट घातला गेला. वजन हलकें व्हावें म्हणून ती चिरून तिचा मागचा भाग काढून टाकला. तरीही ती थोडेंसें अंतर जाऊन अडून बसली आणि नेणाऱ्यांनीं हात टेकले. आज ती मुख्य देवळाजवळच एका लहान छपराखालीं आहे, आणि लोक तिची पूजा करितात. राजानें बांधलेल्या शिखराखालीं एकही दिवा लागत नाहीं. त्याच्या दारावरून निखळलेल्या दगडापुढें मात्र रोज फुलें पडतात. नारळ तेथें फोडावा, फूल तेथें वाहावें.

तिसरें ठिकाण पुन्हां पुरीस आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचाही हात आहे. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळांत, अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, कोणार्कच्या दारापुढला अरुणस्तंभ मराठ्यांनीं पुरीस नेऊन जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभा केला. सोळा पैलूंचा, एकाच दगडाचा, सुमारें ३४ फूट उंचीचा हा खांब आहे. माथ्यावर सूर्याचा सारथि अरुण हात जोडून बसला आहे. सारथि मालकापासून तोडला, असा दोष यावर देतां येईल. पण तेव्हां कोणार्कास पूजा उरली नव्हती आणि देऊळ वाळूंत बुडत चाललें होतें. आज जगन्नाथाच्या सिंहद्वाराशीं येणारा यात्रेकरू अरुणासमोरून आंत जातो. देवळांत फक्त हिंदूंनाच प्रवेश आहे. अरुण बाहेर असल्यानें तो सर्वांचा आहे. वाळूंत उभा राहता तर त्याचें काय झालें असतें, हें कोणार्काच्या इतर दगडांकडे पाहून ठरवावें.

त्या दगडांविषयीं एक गोष्ट प्रत्येक यात्रेकरूनें जाणावी. कोंकणांतला जांभा जसा, तसाच जांभा कोणार्कच्या पायांत वापरला आहे. दारें आणि मुख्य मूर्ति हिरवट काळ्या क्लोराइट दगडाच्या आहेत. पण बहुतेक अंग खोंडालाइट नांवाच्या दगडाचें आहे, आणि तो खाऱ्या वाऱ्यानें झिजतो. चाकांवरच्या कित्येक आकृतींचे चेहरे पुसट झाले आहेत. अशा दगडावर भक्तिभावानें लाविलेलें कुंकू, तेलाचा हात, कापराची काजळी हीं देवाला पोंचत नाहींत. दगडाला मात्र पोंचतात. बाहेरच्या तीन मूर्तींपुढें हात जोडावे. गंध लावूं नये. तेथें न वाहिलेलें फूल हीच तेथली पूजा समजावी. हें पुरातत्त्वखात्याचें बंधन म्हणून नव्हे, तर ज्यांनीं तें कोरलें त्यांच्या श्रमाची चाड म्हणून पाळावें. ओडिशांत धर्मपद नांवाच्या बारा वर्षांच्या मुलाची कथा सांगतात. बाराशें पाथरवटांना बारा वर्षें खपून कळस बसवितां येईना. या मुलानें तो एका रात्रींत बसविला, आणि मोठ्यांची लाज राखण्यासाठीं समुद्रांत उडी घेतली. कथा खरी असो वा नसो, त्या लोकांनीं देवळाची किंमत कशांत मोजली हें तिच्यांत दिसतें.

जाणाऱ्यानें म्हणून क्रम थोडा बदलावा. आदल्या रात्रीं कोणार्कासच मुक्काम करावा. बरोबर तांब्याचा लहान तांब्या असावा. पहाटे चंद्रभागेवर जावें. समुद्र तेथें दगा देतो, लाटा ओढून नेतात, तेव्हां घोट्याइतक्या पाण्यांत उभें राहून ओंजळ भरावी, लहान मुलांचा हात सोडूं नये. अर्घ्य दिल्यावर, उन्हें कोंवळीं आहेत तोंच, देवळास जावें. पूर्वेचा प्रकाश घोड्यांवर आणि चाकांवर पडलेला असतो आणि रथ खरोखरच निघाल्यासारखा वाटतो. मग नवग्रहांपुढें नारळ. पुरीस परतल्यावर जगन्नाथाच्या आवारांतील सूर्याचें दर्शन घ्यावें, आणि बाहेर पडतांना अरुणाकडे मान वर करून एकदां पाहावें.

महाराष्ट्रांतही सूर्याचीं जागतीं देवळें आहेत. राजापुराजवळ कशेळीस कनकादित्याचें देऊळ आहे. तेथें मूर्ति आहे, पूजा आहे, रथसप्तमीस उत्सव होतो. तेथें गाभाऱ्याशीं जाऊन नारळ देतां येतो आणि मन शांत होतें. कोणार्कास तसें होत नाहीं. तेथें आजीबाईंना पिशवी घेऊन थोडें हिंडावें लागतें. पण पहाटे समुद्रांतून लाल कड वर आली, आणि त्यांच्या थरथरत्या हातांतून पाण्याची धार खालीं पडली, म्हणजे “देव कुठं आहे?” हा प्रश्न त्या पुन्हां विचारीत नाहींत.